दोन्हीकडे ३५८४ कोअर, मग फरक कसला?

जुनं ग्राफिक्स कार्ड भारी की नवीन, असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, कशात? लोकांना वाटतं मी टाळतोय. टाळत नाहीये, खरंच त्यावरच सगळं आहे.

आता हेच बघा. एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०८० टीआय मार्च २०१७ मध्ये आलं, त्यांचंच आरटीएक्स ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये. मध्ये चार वर्षं गेली आणि दोन्हीत कोअर, म्हणजे गणितं करणारे छोटे भाग, बरोब्बर ३५८४. साध्या गेममध्ये, म्हणजे रे ट्रेसिंग (प्रकाशाचा एकेक किरण मोजून चित्र बनवणं) वगैरे बंद ठेवून, दोघांचे एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स, पण जवळपास सारखेच येतात, कधी हे पुढे कधी ते. फक्त जुनं कार्ड त्यासाठी २५० वॅट खातं आणि नवीन १७०. मग लगेच कोणीतरी म्हणतं, अरे मग सोपंय की, कोअर मोजा आणि विषय संपवा.

नाही संपत. आरटीएक्स २०८० टीआय मध्ये ४३५२ कोअर आहेत आणि ३०७० मध्ये ५८८८. कागदावर ३०७० कुठच्या कुठे पुढे, टेराफ्लॉप्स (सेकंदाला किती लाख कोटी गणितं) बघितले तर १३ आणि २० एवढा फरक. आणि गेममध्ये? जवळजवळ बरोबरी. कारण २००० सिरीजमध्ये दशांशाची गणितं करणारे कोअर वेगळे आणि पूर्णांकाची करणारे वेगळे होते आणि जाहिरातीत मोजले जायचे फक्त दशांशवाले. ३००० सिरीजमध्ये एनव्हिडियाने त्या दुसऱ्या अर्ध्यांना पण दशांशाची गणितं शिकवली, त्यामुळे आकडा एकदम फुगला, पण गेमला पूर्णांकाची गणितं लागतातच, ती आली की तेच कोअर तिकडे अडकतात. म्हणून दोन वेगळ्या पिढ्यांचे कोअर किंवा टेराफ्लॉप्स शेजारी ठेवून निकाल लावायचा नाही. एकाच पिढीतली कार्डं असतील तर चालतंय.

मला विचाराल तर कोअरपेक्षा मेमरीकडे आधी बघावं. १०८० टीआय ला ११ जीबी मेमरी, ३५२ बिटची बस (मेमरी ते चिप हा रस्ता किती रुंद) आणि सेकंदाला ४८४ जीबी बँडविड्थ (त्यावरून किती डेटा जातो). २०२३ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०६० ला ८ जीबी, १२८ बिट आणि २७२ जीबी. वाचूनच वाटतं की नवीन कार्ड मागे पडणार, पण तसं होत नाही, कारण ४०६० च्या चिपमध्येच २४ एमबी कॅश, म्हणजे छोटी पण फार वेगवान मेमरी, आहे, बराचसा डेटा तिथेच मिळतो आणि मेमरीपर्यंत सारखं जावंच लागत नाही. १०८०पी, म्हणजे फुल एचडी स्क्रीनवर ही युक्ती मस्त चालते, आणि तेही ११५ वॅटमध्ये. रेझोल्यूशन वाढवलं की कॅश पुरेनाशी होते आणि मग बारीक बस जाणवायला लागते. ४०६० टीआय ची सगळी बोंब हीच होती, ३०६० टीआय च्या ४४८ च्या जागी २८८ जीबी बँडविड्थ, त्यामुळे १०८०पी ला पुढे आणि ४के ला गेलं की आघाडी जवळपास गायब.

पण बँडविड्थ कमी असणं वेगळं आणि मेमरी संपणं वेगळं. कमी असेल तर एफपीएस जरा कमी येतात, बास. संपली तर खेळच बिघडतो. ८ जीबी भरले की उरलेली टेक्स्चर्स, म्हणजे गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं, कॉम्प्युटरच्या रॅममध्ये जातात आणि तिथून पीसीआय एक्सप्रेसने, म्हणजे कार्ड मदरबोर्डला जोडणाऱ्या स्लॉटमधून, यायला लागतात. ४०६० ला त्याच्या आठच लेन (मार्गिका), म्हणजे पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या बोर्डावर सेकंदाला साधारण १६ जीबी, आणि जुना ३.० चा बोर्ड असेल तर त्याच्याही निम्मे. कुठे २७२ आणि कुठे ८! म्हणूनच तगडी टेक्स्चर्स लावली की कधीकधी १२ जीबी वालं ३०६० सुरळीत चालतं आणि एरवी त्याच्यापेक्षा चांगलं वेगवान असलेलं ४०६० अडखळतं. सरासरी एफपीएस मध्ये हे लपून जातं हां, टेस्टमध्ये १% लो चा आकडा (सगळ्यात हळू १% फ्रेम्सचे एफपीएस) बघायचा, अडखळणं तिथे दिसतं.

आणि ह्याचं सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे एएमडी कंपनीचं आरएक्स ६५०० एक्सटी. जानेवारी २०२२ चं कार्ड, ४ जीबी मेमरी, ६४ बिट बस, आणि लेन फक्त चार. जुन्या ३.० च्या बोर्डावर टाकलं तर काही गेममध्ये त्यांचंच २०१७ चं ८ जीबी वालं आरएक्स ५८० त्याच्या पुढे जायचं. वर त्यात व्हिडिओ एनकोडर (खेळ रेकॉर्ड किंवा स्ट्रीम करायला लागतो तो भाग) पण नाही, जो जुन्या ५८० मध्ये होता. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. गंमत म्हणजे असलं स्वस्तातलं कार्ड घेणाऱ्याकडेच जुना बोर्ड असण्याची शक्यता जास्त, म्हणजे ज्याच्यासाठी बनवलं त्यालाच त्रास.

आता फ्रेम जनरेशन. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने स्टेजवरून सांगितलं की आरटीएक्स ५०७० म्हणजे ४०९० चा परफॉर्मन्स. ६१४४ कोअरवालं कार्ड १६३८४ कोअरवाल्याच्या बरोबरीला? तर त्यात मोजलेल्या बऱ्याचशा फ्रेम्स एआय ने मध्ये घुसवलेल्या. दोन खऱ्या फ्रेम्स तयार झाल्या की त्यांच्या मधल्या बनवायच्या, म्हणजे दुसरी खरी फ्रेम थोडा वेळ थांबवून ठेवावीच लागते. त्यामुळे डोळ्याला गुळगुळीत दिसतं पण माऊसला काही वेग मिळत नाही, उलट जरासा उशीरच होतो. मूळचे ६०-७० एफपीएस असतील तर मजा येते, मूळचे २५ असतील तर १०० दाखवले तरी हाताला चिखलात चालल्यासारखंच वाटणार. मी त्याच्या विरोधात नाही, पण जुन्या-नव्याची तुलना करताना हे बंद ठेवूनच करायची. साधं अपस्केलिंग (कमी रेझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणं) वेगळं, एनव्हिडियाच्या डीएलएसएस ची क्वालिटी आता खरंच छान आहे आणि ते जीटीएक्स कार्डांना मिळत नाही, हा नव्याचा खरा फायदा आहे. जुन्याला एएमडीचं एफएसआर चालतं, पण ते जरा धूसर.

माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. जुनं कार्ड हळू होऊन मरत नाही, ते बाद केलं जातं. १०८० टीआय मध्ये ताकद आजही आहे, पण २०२३ मध्ये ॲलन वेक २ हा गेम आला, त्याला मेश शेडर (वस्तूंचे आकार बनवायची नवी पद्धत) लागत होते, ते ह्यात नाहीत, आणि कार्ड एकदम झोपलं, नंतरच्या पॅचने जरा सुधारलं. मग डिसेंबर २०२४ मध्ये इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आला, त्याला हार्डवेअर रे ट्रेसिंग पाहिजेच, कमीत कमी २०६० सुपर. आता हे २०६० सुपर साध्या गेममध्ये १०८० टीआय च्या मागे असतं! पण त्याच्यात आरटी कोअर (रे ट्रेसिंगसाठीचे वेगळे कोअर) आहेत म्हणून ते चालतं आणि हे बाहेर. ऑक्टोबर २०२५ नंतर १००० सिरीजला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर पण बंद, फक्त सिक्युरिटी अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत. म्हणजे आधीपासून खेळताय ते गेम चालू राहतील, नव्याचा भरवसा नाही.

आणि हे उलट्या बाजूने पण होतं बरं का. ५००० सिरीज आली तेव्हा एनव्हिडियाने ३२ बिट फिजएक्स चा, म्हणजे जुन्या गेममध्ये धूर, कापड असलं खरं वाटावं ह्यासाठीच्या गणितांचा, सपोर्टच काढून टाकला होता. बॉर्डरलँड्स २, मिरर्स एज असले जुने गेम फिजएक्स चालू करून खेळायला गेलं की ते काम प्रोसेसरवर पडायचं आणि ५०९० सारखं कार्ड असून एफपीएस धाडकन खाली. काही लोकांनी तर नव्याकोऱ्या कार्डाशेजारी दुसऱ्या स्लॉटमध्ये एक जुनं जीटीएक्स लावलं, फक्त फिजएक्ससाठी. ओरड झाली आणि नंतर एका ड्रायव्हरमध्ये निवडक गेमपुरता तो सपोर्ट परत आला.