मार्टिनी-हेन्रीत पुंगळी का अडकायची

मार्टिनी-हेन्री या एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश लष्करी रायफलीचा विषय निघाला की सगळे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या ठोकळ्याचं कौतुक करतात. ते रास्तच आहे. पण या रायफलीची खरी परीक्षा ठोकळ्यापाशी नाही, त्याच्या पुढ्यात बसलेल्या एका छोट्या काटकोनी तुकड्यापाशी होती, तो म्हणजे उडालेल्या काडतुसाचं रिकामं कवच, म्हणजे पुंगळी, बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर.

मूळ कल्पना अमेरिकेतल्या पीबडीची, पेटंट १८६२चं. ठोकळा मागच्या टोकाला अडकवलेला आणि पुढचं टोक खाली झुकणारं. पीबडीचा घोडा मात्र बाहेर होता. दर गोळीला तो वेगळा चढवावा लागे. स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या फ्रेडरिक फॉन मार्टिनीनं घोडाच काढून टाकला. ठोकळ्याच्या पोटात स्ट्रायकर (काडतुसाच्या बुडावर आघात करणारी दांडी) आणि त्याच्याभोवती कॉइल स्प्रिंग बसवली. त्याला एडिनबर्गच्या अलेक्झांडर हेन्रीची आतून सात पिळदार खाचा असलेली नळी जोडली आणि १८७१ साली ब्रिटिश लष्करानं ती स्वीकारली.

खालचा दांडा एकदा खाली-पुढे ढकलला की तीन कामं होतात. दांड्याचे आतले हात ठोकळ्याखाली टेकूसारखे उभे असतात, ते सरकतात आणि ठोकळ्याचं तोंड झुकतं. आतला टंबलर फिरून स्ट्रायकर मागे खेचतो. शेवटी झुकणारा ठोकळा एक्स्ट्रॅक्टरच्या खालच्या हातावर आदळतो आणि वरचा हात पुंगळी मागे ओढतो. ठोकळ्याची वरची बाजू पन्हाळीसारखी खोलगट असते. त्यावर काडतूस ठेवून अंगठ्यानं आत सरकवायचं, दांडा वर घ्यायचा. उजव्या बाजूला थेंबाच्या आकाराचा दर्शक असतो, रायफल चढवलेली आहे की नाही ते त्यावरून कळतं.

गोळी सुटतानाचा धक्का ठोकळा जिच्यावर झुलतो त्या मागच्या खिळीवर येत असेल असं पाहणाऱ्याला वाटतं. तसं नाही. ठोकळ्याची मागची कड गोल असते आणि ती बॉडीच्या (रायफलीच्या धातूच्या सांगाड्याच्या) तशाच खोलगट भिंतीवर टेकते. खिळीचं काम फक्त ठोकळा जागेवर ठेवण्याचं. पटत नसेल तर बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं मोठं चित्र कापा. ठोकळ्याची पट्टी १२ सेंटिमीटर, मागची कड गोल, मागे तशीच खोबण कापलेला तुकडा आणि खिळीऐवजी टाचणी. टाचणीचं भोक मुद्दाम थोडं मोठं ठेवा आणि पट्टी पुढून दाबा. भार खोबणीवर जातो, टाचणी हलत नाही. भोक घट्ट असेल तर पुठ्ठा टाचणीपाशीच फाटतो.

आता अडचणीकडे. एक्स्ट्रॅक्टरचा खालचा हात आखूड, वरचा लांब. त्यामुळे पुंगळीच्या काठाला वेग भरपूर मिळतो, जोर कमी. चिकटलेल्या पुंगळीला मात्र सुरुवातीला जोर लागतो, वेग नंतर. बोल्ट रायफलीत बोल्ट (नळीचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) फिरवताना उतरत्या कडेचा आधार मिळतो आणि पुंगळी आधी सावकाश सुटते. मार्टिनीत ती सोय नाही. म्हणून दांडा झटक्यानंच खाली मारायचा. हळू ओढला तर पुंगळी अर्धवटच बाहेर येते.

त्यात पुंगळीच कच्ची. या रायफलीच्या बॉक्सर काडतुसाचं अंग पितळी पातळ पत्रा गुंडाळून केलेलं, बूड लोखंडी चकतीचं. आत ८५ ग्रेन काळी दारू आणि पुढे ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची शिशाची गोळी. काळ्या दारूची काजळी साचते, नळी तापते, पत्रा फुगून चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या पोकळीला, घट्ट बसतो. एक्स्ट्रॅक्टर बूड ओढतो, बूड सुटून येतं आणि पत्र्याची नळकांडी आतच राहते. दांडा कितीही आपटला तरी उपयोग नाही. १८८५ साली सुदानमधल्या अबू क्लीच्या लढाईत हेच झालं आणि त्याची बोंब लंडनपर्यंत पोचली. त्यानंतर एकसंध ओढीव पितळी पुंगळ्या आल्या. १८८८च्या मार्क चारला, म्हणजे रायफलीच्या चौथ्या आवृत्तीला, लांब दांडा दिला, तोही याच दुखण्यावरचा इलाज. संग्रहालयातल्या काचेआड मार्टिनी दिसली तर आधी दांड्याची लांबी बघा, मार्क चार लगेच ओळखू येते.

हौसेनं अशी ॲक्शन (ठोकळा-दांड्याची ही यंत्रणा) घरच्या लेथवर करावी का, असा प्रश्न विचारला जातो. भारतात उत्तर सरळ आहे. शस्त्र कायदा, १९५९च्या व्याख्येत सुटे भागही ‘शस्त्र’ आहेत आणि परवान्याशिवाय ते बनवणं कलम ५ प्रमाणे बेकायदा आहे. पुठ्ठा आणि टाचणीवर थांबा.

हातानं घडवण्याचं काय होतं ते पाहायचं असेल तर नेपाळची गहेंद्र रायफल बघा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काठमांडूत घडवलेली, दिसायला मार्टिनीची बहीण, पण आत कॉइलऐवजी सपाट स्प्रिंग. काम कानशीचं, त्यामुळे प्रत्येक नगाचे भाग त्याच नगात घासून बसवलेले. एकीचा ठोकळा दुसरीत बसेलच असं नाही. खुणा देवनागरीत असल्यामुळे आपल्याला भिंग घेऊन सरळ वाचता येतात. दोन भागांवरचे आकडे जुळत नसतील तर मधे कुणीतरी भागांची अदलाबदल केली आहे, असं धरून चाला.