आज्जांची रताळी

गेल्या भाद्रपदात आमचे आज्जा वारले. बेळगावकडच्या खेड्यांत आजोबांना आज्जाच म्हणतात. बाकी सारा गाव त्यांना हवालदार म्हणत असे, कारण १९६८ साली बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये सैन्यात भरती होऊन अठरा वर्षांनी ते त्याच हुद्द्यावर घरी परतले होते. त्यांच्याविषयी लिहायला बसल्यावर माझ्या डोळ्यांसमोर लढाई येत नाही, चुलीतली राख येते.

नवरात्रापासून महाशिवरात्रीपर्यंत आमच्या तालुक्याच्या पश्चिम भागात रताळ्यांचा हंगाम असतो. तांबड्या मातीच्या वरंब्यांवर पावसाळ्यात वेल लावायचे, काढणी झाली की पोती भरून बेळगावच्या मार्केट यार्डात न्यायची, हा आमच्या घरचाही व्यवसाय. आज्जा मात्र विकायच्या ढिगाला हात लावण्याआधी त्यातली मध्यम जाडीची, न चिरलेली पाच-सहा रताळी स्वतःसाठी वेगळी काढत. रात्री जेवणे आटोपली की ती निवत आलेल्या चुलीच्या राखेत पुरत आणि वर दोन निखारे सारत. पहाटे साडेचारला उठून दाढी करावी, कुठेही जायचे नसले तरी काळे बूट चकचकीत पुसून ठेवावेत, आणि मग हिरव्या एनॅमलच्या मगात चहा घेऊन अंगणातल्या दगडावर बसावे, असा त्यांचा क्रम होता. राखेतून काढलेले रताळे ते आधी तळहातावर आपटून झाडत, अंगठ्याने मधोमध मोडत आणि क्षणभर नुसता वास घेत. सालीच्या फटीतून बाहेर येऊन करपलेला काळा चिकट पाक, जो आम्ही पोरे खरवडून टाकायचो, तो त्यांना सर्वांत प्रिय होता. ‘‘ह्योच तर खरा कुंदा,’’ असे ते म्हणत आणि अर्धे रताळे माझ्या हातावर ठेवत.

खरा कुंदा, म्हणजे बेळगावची ती खव्याची मिठाई, ते महिन्यातून एकदाच आणत, पेन्शन काढायला शहरात गेल्यावर, आणि तोही मोजून पाव किलो. घरात आम्ही नऊ माणसे होतो, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला चमचा-दीड चमचाच येई; तरीही त्यांनी कधी अर्धा किलो आणला नाही. पुढे डॉक्टरांनी गोड कमी करायला सांगितले तेव्हा त्यांनी स्वतःचा चमचा सोडला, पण दुकानात जाणे आणि पुडी स्वतःच्या हाताने सोडून आम्हाला वाढणे सोडले नाही.

संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतले निवृत्त मास्तर येत. ते कन्नड बोलणारे आणि आज्जांचे कन्नड बाजारहाटापुरते. दोघांच्या मध्ये रेडिओ असे. सांगली केंद्रावरची मराठी गाणी आणि धारवाड केंद्रावरच्या कन्नड बातम्या असा पाळीचा करार त्यांनी वर्षानुवर्षे पाळला. सीमाभागात भाषेवरून तापलेले दिवस आम्ही सर्वांनी पाहिले आहेत. अशा दिवसांतही मास्तरांची काठी आमच्या फाटकावर ठरलेल्या वेळी वाजत असे, हे मला मुद्दाम लिहून ठेवावेसे वाटते.

लढाईविषयी ते क्वचित बोलत. १९७१ च्या डिसेंबरमध्ये ते पहिल्या मराठा बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होते. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, आजच्या बांगलादेशात, ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटणीने जमालपूरच्या दक्षिणेचा रस्ता अडवला होता. आमच्या ब्रिगेडियरनी शरण येण्याविषयी पत्र पाठवले तेव्हा समोरच्या कर्नलने उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, ही हकीकत ते आम्हा पोरांना रंगवून सांगत. मात्र १० डिसेंबरच्या रात्री शत्रूने वेढा फोडून निघण्याचा प्रयत्न केला आणि तो सरळ पलटणीच्या मोर्चांवर येऊन आदळला, तिथपर्यंत आले की त्यांचे बोलणे थांबे. त्या रात्रीचे त्यांनी कधीही काही सांगितले नाही. जे सांगत ते पहाटेचे. मोर्चात असताना विस्तव पेटवायची बंदी, त्यामुळे रात्रीमागून रात्री थंडीत शक्करपारे चघळून काढलेल्या. ११ तारखेला जमालपूर पडल्यावर कोणीतरी काटक्या गोळा करून चहा उकळला, आणि तो गरम मग दोन्ही हातांत धरल्यावर आपल्याला बोटे आहेत हे त्यांना पुन्हा कळले. दिवाळीत आईने केलेल्या शंकरपाळ्यांना ते कधी हात का लावत नाहीत, हे मला ही गोष्ट ऐकल्यावर समजले. तोवर मी त्यांना उगीचच आग्रह करत असे, याचे मला आजही वाईट वाटते.

पेन्शन वाढल्यावर काकांनी त्यांना चांगला पलंग, नवा मोबाईल, शहरातले घर असे बरेच काही सुचवले. त्यांनी फक्त चुलीचा आग्रह धरला. घरात गॅस आला तरी परसातली चूल मोडू दिली नाही.

ते गेले तेव्हा शेतात रताळी जमिनीतच होती. तिरडीवर तिरंगा घालायला तालुक्यातले माजी सैनिक आले, त्यांच्यापैकी काहींनी जुन्या सवयीने टाचा जुळवून सलाम केला, आणि मास्तर काठी टेकून बांधावर उशिरापर्यंत उभे होते. घटस्थापनेनंतर आम्ही काढणी केली. पाण्याच्या बाजूचे दोन वरंबे बियाण्याच्या वेलांसाठी राखायचे, असे त्यांनी आषाढातच मला नेऊन दाखवले होते. ते दोन वरंबे आम्ही तसेच ठेवले आहेत. यंदाच्या पावसात त्याच वेलांची लागवड होईल.