विटेवरची बोटं

अमेरिकेत लेकीकडे, केरी गावी, तीन महिने राहून आलो. नायगारा, वॉशिंग्टन सगळं झालं, पण त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. लिहायचंय ते नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमजवळच्या स्टॅगव्हिल या गुलामांच्या जुन्या मळ्याबद्दल. तिकीट नाही, गर्दी नाही आणि चहाही नाही! जावई आधीच म्हणाला होता, "बाबा, चार जुनी घरं आहेत, काय बघणार?"

बेनेहन आणि कॅमरन या सोयरिकीतल्या दोन घराण्यांची ही मालमत्ता. १८६० च्या सुमारास जवळपास ३०,००० एकर जमीन आणि नऊशेच्या आसपास गुलाम. मालकाचं घर बघून मी खट्टूच झालो. याहून मोठे वाडे आमच्याकडे पडीक आहेत.

पुढे हॉर्टन ग्रोव्हला गुलामांची दुमजली लाकडी घरं आहेत. गाइडने धुराड्याच्या एका विटेकडे बोट दाखवलं. ओली असताना कुणीतरी ती उचलली होती, बोटं उमटली ती कायमची. मी हात न लावता माझं बोट जवळ नेलं. ठसा त्यापुढे अगदीच लहान, पोराचा असावा. मला तिथून हलवेना. डास फोडून काढत होते तरी.

शेजारी डरहॅमच्या एक वयस्क काळ्या बाई होत्या. त्यांची आजी याच ओळीत वाढलेली. १८६५ मध्ये गुलामीतून सुटका झाली तरी घर तिथेच राहिलं, त्याच मालकाची जमीन वाट्याने कसत. बाई आपल्या पूर्वजांची नावं शोधत होत्या. १८७० च्या जनगणनेत नाव सापडतं. १८६० च्या गुलामांच्या यादीत मालकाच्या नावाखाली नुसतं वय, लिंग आणि रंग. त्यामागे जायचं तर चॅपल हिलच्या विद्यापीठात ठेवलेले कॅमरन घराण्याचे कागद चाळायचे. म्हणजे यांची वंशावळ मालकाच्या दप्तरात! त्यातही १८४४ मध्ये ११४ जणांना अलाबामाच्या शेतावर धाडलं, की घरं दोन राज्यांत विखुरली. त्यांच्यातल्या काहींनी पुढे तिथलीच जमीन विकत घेतली, हे ऐकून बरं वाटलं. कॅमरन आडनाव आज गोरेही लावतात, काळेही.

मला फुशारकी सुचली. म्हटलं, आमच्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपडीत माझ्या खापरपणजोबांची सही आहे. लेकीने इंग्रजीत सांगितलं. बाईंनी सहज विचारलं, "त्यांच्या शेतात राबणाऱ्यांचीही नावं आहेत त्यात?"

लेक माझ्याकडे बघत राहिली. मी बाटलीतलं पाणी प्यायलो.

येताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही. रात्री थोरल्या भावाला नाशिकला फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"दादा, आपला सालगडी धोंड्या, त्याचं आडनाव काय होतं रे?"

"आडनाव?" दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "बैलांची नावं सांगू का? ढवळ्या आणि पवळ्या."