आजचा आवाज

मी स्पीच थेरपिस्ट आहे, मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात. घशाच्या कर्करोगासाठी ज्यांचं स्वरयंत्र पूर्ण काढायचं असतं, त्यांना शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी माझ्याकडे पाठवतात. उद्यानंतर काय काय बदलणार हे मी त्यांना सांगते. श्वास नाकातून नाही, गळ्यावरच्या छिद्रातून घ्यायचा. चहावर फुंकर मारता येणार नाही. फोडणीचा वास आपोआप कळणार नाही, त्यासाठी ओठ मिटून जांभई दिल्यासारखा जबडा खाली घ्यायला शिकावं लागेल. अंघोळ करताना छिद्रात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही. जखम भरेपर्यंत नाकातल्या नळीतून जेवण आणि बोलायला हातात पाटी. हे सगळं ऐकताना बहुतेक माणसं गप्प होतात, आणि ज्या आवाजाबद्दल आपण बोलतोय तो आवाज त्या तासाभरात वापरलाच जात नाही. हे माझ्या लक्षात आलं ते एका काकांमुळे.

काका नाशिककडचे. बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारायचे. ट्रॅक्टरच्या रांगेतून पुढे सरकत, व्यापाऱ्यांच्या गलक्यात क्विंटलचा भाव चढवत न्यायचा, म्हणजे गळा हेच त्यांचं हत्यार. आवाज बसला तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही. ओरडून बसला असेल, ज्येष्ठमध चघळा, हळददूध घ्या. त्यात तंबाखूची जुनी सवय. महिने गेले. धाप लागायला लागली तेव्हा दुर्बिणीतून तपासणी झाली, आणि तोवर गाठ स्वरयंत्राच्या बाहेर पसरली होती.

इथे थांबून एक गोष्ट सांगतेच, कारण ती कितीदा सांगितली तरी कमीच आहे. आवाज तीन आठवड्यांहून जास्त काळ बसलेला राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून आत बघून घ्यायचं. स्वरतंतूंवरचा कर्करोग लवकर सापडला, तर पुष्कळदा रेडिएशनने किंवा लेसरने बरा होतो आणि आवाजही राहतो.

काकांच्या मुलाला हे तोवर कळलं होतं. माझ्यासमोर बसून तो तेच तेच बोलत होता. दिवाळीतच आणलं असतं तर. गावातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तेव्हाच निघालो असतो तर. मग त्याने फोन काढला. जुन्या व्हिडिओत बाबांचा पूर्वीचा खणखणीत आवाज कुठे सापडतो का ते शोधत होता. एका लग्नातला सापडला, पण त्यावर बँडचाच आवाज. तो रडायला लागला. मी त्याला खोटा धीर दिला नाही. लवकर आला असता तर फरक पडला असता, हे खरंच होतं. पण ती दिवाळी आता कोणाच्याच हातात नव्हती. हातात होती ती ती दुपार.

मी नेहमीप्रमाणे म्हटलं, “काका, थोडं रेकॉर्ड करून ठेवूया. घरच्यांची नावं, चार आशीर्वादाचे शब्द.” मुलाने लगेच फोन समोर धरला.

काकांनी तो हाताने बाजूला केला. घोगरा, मधेच तुटणारा, जवळजवळ नुसती हवाच असलेला आवाज. “मॅडम, ते नंतर ऐकायचं झालं. मला आत्ता बोलायचंय.”

माझी खोली ओपीडीत असल्यामुळे लहान मुलांना यायला आडकाठी नसते. सुनेबरोबर नात आली होती, चौथीतली. काकांनी तिला मांडीजवळ ओढलं आणि विचारलं, “अडीचकी कुठवर आली?”

काकांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे सगळे तोंडपाठ. बाजारात कॅल्क्युलेटर येण्याआधीचा माणूस. नातीच्या शाळेत हे शिकवत नाहीत, म्हणून रोज रात्री जेवणानंतर ते तिला थोडं थोडं शिकवत होते आणि आजारपणात ते राहून गेलं होतं. चार अडीच दहा, पाच अडीच साडेबारा, सहा अडीच पंधरा. सातवर पोरगी अडकली. काकांनी तिच्या बोटांची पेरं धरून दाखवलं: सात दुणे चौदा, साताचे निम्मे साडेतीन, झाले साडेसतरा. प्रत्येक आकड्याला श्वास पुरत नव्हता. थांबायचे, खोकायचे, पुन्हा धरायचे. तीसपर्यंत नेल्याशिवाय त्यांनी तिला सोडलं नाही. चुकली तिथे तिला रागावलेही, अगदी घरी रागावतात तसे.

मग त्यांनी फोन लावायला घेतले. बाजारातल्या हमालाला आजचा भाव विचारला. मेहुणीला विहिरीच्या मोटरचं काय झालं ते विचारलं. कोणालाही निरोपाचं काही बोलले नाहीत. काकू शेजारी बसून होत्या, त्यांना म्हणाले, “तू काहीच बोलेना?” त्या म्हणाल्या, “तुम्ही बोला, मी ऐकते.” मुलगा एव्हाना फोन खिशात ठेवून वडिलांकडे बघत होता. जुन्या आवाजाचा शोध त्याने थांबवला होता. समोर होता तो आवाज तो ऐकत होता.

समुपदेशनाची वेळ उलटून गेली. माझी माहितीपत्रकं टेबलावर तशीच पडलेली. उरलेलं सगळं मी संध्याकाळी वॉर्डात जाऊन सांगितलं, आणि त्यांनी ते नीट, प्रश्न विचारत ऐकून घेतलं.

कर्करोगासाठी पूर्ण स्वरयंत्र काढण्याची पहिली शस्त्रक्रिया थिओडोर बिलरोथ यांनी व्हिएन्नात 1873 मध्ये केली. तेव्हापासून तंत्र खूप पुढे गेलं. आता श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत सिलिकॉनची छोटी झडप बसवतात. गळ्यावरचं छिद्र अंगठ्याने दाबलं की फुप्फुसातली हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते, तिथली भिंत थरथरते आणि आवाज उमटतो. काकांना अशीच झडप बसवली. जखम भरल्यावर माझ्याकडे आले तेव्हा आधी नुसता ‘आ’, मग एक ते दहा. आवाज जाड, एकसुरी, पण शब्द स्पष्ट. लिलाव पुकारणं सुटलं ते सुटलंच. आता ते भुईकाट्यावर पावत्या करतात, आणि झडप बदलायला दर काही महिन्यांनी मुंबईला येतात.

मी माझ्या कामाचा क्रम बदलला आहे. आदल्या दिवशी माणूस आला की पहिला प्रश्न, “आज कोणाशी बोलायचंय?” फोन आम्ही माझ्याच खोलीतून लावतो, दार बंद करतो. रेकॉर्डिंग ज्यांना हवं त्यांचं करतोच, पण नंतर. मध्यंतरी एक आजी आल्या, त्यांनी कोल्हापूरच्या बहिणीला फोन लावला आणि दोघी भडंगाच्या मसाल्यावरून इतका वेळ भांडल्या, की माझे पुढचे दोन रुग्ण बाहेर ताटकळत बसले. मी त्यांची माफी मागितली आणि आजींना बोलू दिलं.