आमची वाटचाल : चंद्रपूरच्या उन्हात जर्सीचा धंदा

2009 साली बाबूपेठेत दोन शिलाई मशीन आणि एक ओव्हरलॉक घेऊन सुरुवात केली. शाळांचे गणवेश आणि कोळसा खाणीच्या वसाहतींतल्या कबड्डी मंडळांच्या बनियन, एवढंच काम.

2016 मध्ये वाटलं, दिवस पालटले. नागपूरला मे महिन्यात पंजाब संघाचे आयपीएलचे सामने होणार होते. एका व्यापाऱ्याने 600 लाल टी-शर्ट सांगितले. तिरुपूरहून कापड आणलं, शिवूनही झालं. तेवढ्यात दुष्काळामुळे उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. निर्णय योग्यच होता. लातूरला तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं. पण व्यापाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. ते टी-शर्ट खपायला तीन वर्षं लागली. उसन्या संघाच्या भरवशावर माल भरायचा नाही, हे तेव्हाच ठरवलं.

1 जानेवारी 2018 ला विदर्भाने इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. रजनीश गुरबानीची हॅटट्रिक आमच्या मशीनवरच्या बायकांनी काम थांबवून मोबाईलवर पाहिली होती. त्या उन्हाळ्यात वरोरा, मूल, राजुरा या जिल्ह्यातल्या गावांतून क्रिकेट शिबिरांच्या ऑर्डरी आल्या, आणि तेव्हापासून दरवर्षी येतात. गुरबानीचं नाव पाठीवर हवं म्हणून हट्ट धरणारी पोरं मी पाहिली आहेत.

आमच्याकडे पारा 47 च्या पुढे जातो. शिबिर सकाळी सहाला सुरू, नऊला बंद. गडद निळ्या जर्सीवर घामाच्या मिठाचे पांढरे नकाशे उमटतात, म्हणून आम्ही फिकट राखाडी सुचवतो आणि काखेत जाळीचं कापड लावतो. जर्सीवर छपाई करणारी हीट प्रेस 200 अंशांवर चालते, त्यामुळे नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कारखाना पहाटे पाचला उघडतो, अकराला बंद होतो आणि पुन्हा संध्याकाळी सहाला सुरू.

चंद्रपूरला स्वतःचा व्यावसायिक क्रिकेट संघ एवढ्यात पेलेल, असं मला वाटत नाही. प्रायोजक नागपूरपर्यंत येतात, पुढचे दीडशे किलोमीटर येत नाहीत. पण नागपूरजवळ जामठ्याच्या स्टेडियमवर 2025 च्या जूनमध्ये विदर्भ प्रो टी-20 लीग झाली, त्यातले पुरुषांचे सहाही संघ विदर्भातल्याच पोरांचे. असा संघ मे महिन्यात उठून जात नाही.

आज आम्ही अकरा जण आहोत. आत्ता प्रेसवर मूलच्या मुलींच्या कबड्डी संघाच्या जर्सी आहेत. सात नंबर दोघींना हवाय, त्यांचं ठरेपर्यंत तेवढ्या दोन बाजूला ठेवल्या आहेत.