गल्लीत शिरणारं मशीन: आमची वाटचाल

आम्ही मिनी एक्स्कॅव्हेटर भाड्याने देतो, म्हणजे चाकांऐवजी रबरी पट्ट्यांच्या ट्रॅकवर चालणारं छोटं खोदकामाचं मशीन. आज इंदुरात "आमच्याकडे मिनी आहे" म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. 2018 साली हेच ऐकून लोक हसायचे. छावणीतल्या एका ठेकेदाराने मशीनभोवती चक्कर मारली, रबरी ट्रॅकवर बूट आपटला आणि म्हणाला, "भिया, ये तो बच्चों का खिलौना है." ते हसणं मी विसरलेलो नाही, विसरायचं कारणही नाही.

वडिलांचा धंदा ट्रॅक्टर-ट्रॉलीचा. मुरूम आणायचा, राडारोडा न्यायचा, पाया खोदायला बेलदारांची टोळी. पुढे जुनं बॅकहो घेतलं. त्याला सगळं गाव जेसीबीच म्हणतं, कंपनी कोणतीही असो. आमचं तर इथल्याच पीथमपुरात बनलेलं केस कंपनीचं होतं. ती वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अडायचं ते गल्ल्यांमध्ये. बॅकहो म्हणजे साडेसात-आठ टनांचं धूड, रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास. विजयनगरच्या प्लॉटवर मोकळं फिरतं, पण मल्हारगंजात किंवा राजवाड्यामागच्या बोळात तोंडाशीच उभं राहतं. त्यात रस्ते रुंद करताना घरांचे दर्शनी भाग गेले आणि उरलेल्या चिंचोळ्या जागेत लोक नव्याने बांधायला निघाले. खोदायचं कशाने? कुदळ आणि घमेलं. आणि माळव्याची काळी माती काही सोपी नाही. पावसाळ्यात फावड्याला चिकटून सुटत नाही, उन्हाळ्यात भेगाळून दगड होते. फुगते, आकसते, भिंतींना तडे देते; म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जावंच लागतं.

मिनी घेतलं ते पावणेदोन टनांच्या वर्गातलं. पहिलं काम दिलं मल्हारगंजातल्या एका जुन्या ठेकेदाराने. आम्ही त्यांना काका म्हणतो. वाड्याच्या चौकात कॉलमचे खड्डे घ्यायचे होते आणि आत जायचा रस्ता एकच, पुढचा दरवाजा. काकांनी खिशातून टेप काढला, चौकट मापली. मीटरभराला चार बोटं जास्त. "अरे, हे शिरेल?" म्हणाले. मी ऑपरेटरला खूण केली. त्याने बूम (खोदायचा हात) आणि ब्लेड (माती ढकलायचं पातं) टेकवून मशीन जमिनीवरून उचललं, लिव्हर ओढला आणि दोन्ही ट्रॅक हायड्रॉलिकवर आत सरकले. ब्लेडच्या दोन्ही कडांच्या पिना काढून कानही दुमडले. मशीन एक मीटरच्या आत आलं. चौकटीला ओरखडा न लागता ते चौकात गेलं, तिथे ट्रॅक पुन्हा रुंद केले आणि काम सुरू. मागचा भाग ट्रॅकच्या बाहेर जात नाही, त्यामुळे शेजारच्या मातीच्या भिंतीला लागूनही ते गोल फिरतं. वाड्याच्या आजी ओसरीवरून बघत होत्या. त्यांना काळजी तुळशीवृंदावनाची. त्याला धक्का लागला नाही.

खेळणं म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. आज ज्याला आपण सरसकट बॉबकॅट म्हणतो, त्या स्किड स्टिअर लोडरचा, म्हणजे माल उचलणाऱ्या छोट्या मशीनचा, पूर्वज 1957 साली अमेरिकेतल्या मिनेसोटात केलर नावाच्या दोन भावांनी एका टर्की पाळणाऱ्यासाठी बनवला. त्याच्या गोठ्यात खांब दाट, जागा कमी, वरच्या मजल्यावरही शेण उपसायचं, म्हणून मशीन हलकं हवं आणि जागच्या जागी वळायला हवं. म्हणजे छोट्या मशीनांची ही जातच अडचणीच्या जागेसाठी जन्मलेली आहे. मोठं मशीन परवडलं नाही म्हणून कुणी लहान केलेलं नाही.

पण गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न एकच, तासाला किती? आमच्याच रस्त्यावरच्या एका पेढीने याच प्रश्नावर आमची कोंडी केली. त्यांचा बॅकहोचा दर आमच्या मिनीच्या दराइतकाच, कधी खालीच. लोकांना वाटायचं, तेवढ्याच पैशात मोठं मशीन मिळतंय. आता नळाच्या लाइनीला फूटभर रुंदीची चर पुरते. मिनीला फूटभराची बकेट लावली की तेवढीच चर निघते. बॅकहोची नेहमीची बकेट त्याच्या दुप्पट माती काढते. मग तेवढी माती उचला, तेवढाच भराव घाला, ठोका, वरची फरशी दुप्पट बसवा. शिवाय शेजाऱ्याचा ओटा फुटला तर ते भांडण वेगळं. डिझेल आमचं तासाला दीड-दोन लिटर, त्यांचं त्याच्या दुपटी-तिपटीत. हे सगळं मी कागदावर मांडून दाखवायचो. लोक मान हलवायचे आणि मशीन तिकडूनच बोलवायचे.

त्यात ड्रेनेज लाइनीचं मोठं काम केलं होतं, त्या ठेकेदाराने बिल अडकवलं. आज देतो, होळीनंतर देतो. होळी झाली आणि मार्च 2020 मध्ये सगळंच बंद. मशीन यार्डात, हप्ता चालू. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली खरी, पण व्याज काही थांबलं नाही, ते मुद्दलात चढत राहिलं. फायनान्सवाल्यांचे वसुलीचे फोन सकाळी चहाच्या आधी. आणि याच काळात त्या पेढीने आमचा ऑपरेटर फोडला. धारकडचा मुलगा, मी हाताला धरून शिकवलेला. पगार जास्त दिला, हे समजू शकतो. पण जोडीला गावभर सांगत फिरले, की मिनीचे ट्रॅक उतरतात, काम अर्ध्यावर टाकून जातात.

ट्रॅक उतरतात, हो. राडारोड्यात एका जागी गरागरा वळवलं तर कुणाचेही उतरतील. ट्रॅक ताणायला ग्रीसचा निपल असतो. मशीन बूम आणि ब्लेडवर उचलून खालचा झोळ बघायचा. तो बोटाच्या जाडीपेक्षा जास्त वाटला की ग्रीसगनने चार दाब द्यायचे, आणि चिखलाचं काम असेल तर किंचित सैल ठेवायचं. रोज सकाळी हे करणाऱ्याचा ट्रॅक उतरत नाही. त्यांनी बदनामी केली, तोवर त्यांच्याकडे एकही मिनी नव्हतं.

त्या दिवाळीआधी काका यार्डात आले. कामं चालू झाल्यावर करायच्या तीन वाड्यांच्या पायांचे पैसे आगाऊ ठेवून गेले. पावती घ्यायलाही थांबले नाहीत. त्यातून हप्ते मिटले. ड्रेनेजचं बिल अजून आलेलं नाही.

नवीन घेणाऱ्यांना सांगतो, कुणी विचारलेलं नसलं तरी. आधी मशीन घेऊन मग काम शोधू नका. ब्रेकरची (काँक्रीट फोडायच्या हातोड्याची) हायड्रॉलिक लाइन बसवूनच घ्या, नाहीतर काँक्रीट लागलं की परत येता. बकेटा दोन ठेवा, अरुंद आणि रुंद. अडीचशे तासांना ऑइल म्हणजे अडीचशेलाच. मशीन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या अवर मीटरकडे बघायचं, कॅलेंडरकडे नाही. ट्रॅक आत घेतलेले असताना भरली बकेट आडवी फिरवू देऊ नका, मशीन कलंडतं. आणि दीड मीटरपेक्षा खोल चरीत माणूस उतरवायचा तर बाजूंना फळ्यांचा आधार द्याच. काळी माती कोरडी असताना भिंतीसारखी उभी दिसते आणि न सांगता बसते.

आता आमच्याकडे चार मिनी आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्याच पेढीचा फोन आला. सराफ्याजवळ एका बोळातलं काम त्यांनी घेतलं होतं आणि त्यांचं बॅकहो कोपऱ्यावर अडलं होतं. शेठ स्वतः बोलले, मला "दादा" म्हणाले. मी दर पूर्ण सांगितला, डिझेल त्यांचं, ट्रेलरचं भाडं वेगळं, अर्धे आगाऊ. कबूल झाले. काम झालं तेव्हा ब्रेकरचं चिझेल, म्हणजे फोडायचं टोक, निम्मं झिजलं होतं. त्याचेही पैसे बिलात लावले आहेत, ते तेवढे यायचे राहिलेत.