तुम्ही विचारलंत म्हणून: बॅलेने गुडघे खराब होतात का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे नाचणारी मुलं येतात, हे कळलं की पालक हटकून विचारतात, ‘बॅलेने गुडघे खराब होतात म्हणे, खरं का?’ होतात कधीकधी. पण मूळ बहुतेक वेळा वर, खुब्यात असतं.

बॅलेत पाय बाहेरच्या बाजूला वळवून उभं राहतात, तो टर्नआउट. चित्रातला टर्नआउट 180 अंशांचा, म्हणजे दोन्ही पावलं एका रेषेत. हे वळण खुब्यातून यायला हवं. पण खुब्याच्या खोबणीची दिशा आणि मांडीच्या हाडाचा पीळ वाढीच्या वयातच ठरून जातो. नंतर कितीही ताणा, हाड बधत नाही. दोन्ही बाजूंना पुरते 90 अंश वळणारे खुबे फार थोड्यांचे. मग उरलेले अंश आणायचे कुठून?

त्यावरची युक्ती प्रत्येक वर्गात कुणी ना कुणी शोधतंच. गुडघे वाकवायचे (याला प्लिए म्हणतात), पावलं हवी तेवढी बाहेर फिरवायची आणि मग गुडघे सरळ करायचे. वाकलेल्या गुडघ्यात नडगी बरीच फिरते, सरळ गुडघ्यात जवळजवळ नाहीच. त्यामुळे पावलं जमिनीला घट्ट, मांडी पुढे, नडगी बाहेर, आणि सगळा पीळ मधल्या सांध्यावर, म्हणजे गुडघ्यावर. आतल्या बाजूचं लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) ताणलं जातं, गादीवर भार येतो, वाटी बाहेर खेचली जाते. एखाद्या वेळी याने काही बिघडत नाही. पण प्लिए एकदा करून कोण थांबतं?

घरीही ओळखता येतं. प्लिए करताना गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या वर राहायला हवा. तो अंगठ्याच्याही आत झुकत असेल आणि पावलाची कमान बसत असेल, तर ते वळण खुब्यातलं नाही. मी मुलांना सहज फिरणाऱ्या तबकड्यांवर उभं करते. जमिनीची पकड गेली की खरा टर्नआउट लगेच दिसतो. (काहींचे चेहरे पडतात, पण इलाज नाही.)

भीती मात्र सगळ्यांना उड्यांची. पण एसीएल (गुडघ्याच्या आतलं एक मुख्य लिगामेंट) तुटण्याचं प्रमाण बॅलेत फुटबॉल-बास्केटबॉलपेक्षा बरंच कमी आहे. उतरताना आधी बोटं, मग चवडा, मग टाच आणि लगेच प्लिए, हे लहानपणापासून घोटून घेतलेलं असतं. शिवाय उडी आधीच ठरलेली, अंगावर धावून येणारं कुणी नाही. बॅलेत जास्त दुखावतात ते घोटा आणि पाऊल. गुडघ्याचं दुखणं सहसा सावकाश येतं: वाटीभोवती, नाहीतर वाटीखालच्या टेंडनमध्ये (स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या पट्ट्यात).

भरभर उंची वाढते तो काळ मला जास्त नाजूक वाटतो. टेंडन जिथे नडगीला चिकटतं तिथलं हाड अजून कच्चं असतं, आणि तिथेच दुखू लागतं. तेव्हा काही काळ उड्या आणि ग्राँ प्लिए (गुडघे पूर्ण वाकवून खोल खाली जाणं) कमी करावेत.

म्हणून मुलीला वर्गात घालण्याआधी शिक्षकांना एवढंच विचारा: जिचे खुबे कमी वळतात, तिला तुम्ही काय करायला सांगता? उत्तर ‘तेवढ्याच वळणात नाचू दे’ असं आलं, तर निर्धास्त घाला. ‘जोर लावला की येईल’ असं आलं, तर दुसरा वर्ग बघा.